राणीछाप थ्री नॉट थ्री

पेशावरच्या दक्षिणेला, कोहाटच्या वाटेवर दरा आदमखेल नावाचं गाव आहे. शंभराहून अधिक वर्षं तिथले कारागीर कानस आणि हातोडी घेऊन इंग्रजी बंदुकांच्या नकला करत आले. त्यांच्या हातून उतरलेल्या काही रायफलींवर मुकुट असतो, मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही.आर.’ ही अक्षरं असतात, खाली एनफिल्डचं नाव असतं आणि त्या नावातला इंग्रजी ‘एन’ उलटा असतो. रायफल मात्र आखूड नळीची ली-एनफिल्ड. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये आणि आखूड ली-एनफिल्ड इंग्रजी सैन्याने स्वीकारली त्यानंतर, १९०२ च्या अखेरीस. म्हणजे रायफलीचा जन्म होण्याआधीच राणी गेलेली. लोहाराला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण गिऱ्हाईक मुकुट पाहून पैसे मोजतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढे २००१ नंतर अफगाणिस्तानात आलेल्या अमेरिकी सैनिकांनी तळांवरच्या बाजारांतून अशा बंदुका आठवण म्हणून विकत घेतल्या. अमेरिकी कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुराणवस्तू ठरते आणि ती घरी नेणं सोपं जातं. साहजिकच बाजारात जुन्या सालाला भाव आला, आणि जे साल खपतं ते लोखंडावर ठोकायला किती वेळ लागतो?

लष्करी रायफलींचा संग्रह या छंदाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. नवखा संग्राहक शिक्क्यांचा तक्ता हातात धरतो आणि या खुणेचा अर्थ हा, त्या खुणेचा तो, अशा जोड्या लावत बसतो. तक्ता चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. प्रत्येक ठसा कुणीतरी, कधीतरी, स्वतःच्या काही गरजेपोटी मारलेला असतो: कारखान्याच्या तपासनिसाने, पलटणीच्या आर्मररने, जप्त करणाऱ्या शत्रूने, भंगारात काढणाऱ्या कारकुनाने, नाहीतर लबाड दुकानदाराने. ती गरज ओळखली की ठसा बोलू लागतो. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या रायफलीवर असे चार-पाच मालकांचे ठसे एकमेकांवर चढले आहेत, ती कोऱ्या करकरीत रायफलीपेक्षा कितीतरी जास्त सांगते. बाजार नेमकं उलट मानतो.

उदाहरणासाठी ली-एनफिल्डइतकी चांगली बंदूक नाही. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत स्थिरावलेला माणूस. बोल्ट आणि काढता येणारं मॅगझिन ही त्याची कल्पना. १८८८ मध्ये तिला मेटफर्डच्या आट्यांची नळी जोडली गेली. धूरविरहित दारू आल्यावर त्या उथळ आट्या लवकर झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या खोल आट्या आल्या. १९०७ मध्ये ‘मार्क तीन’ आली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत काही भाग गाळून ‘मार्क तीन’पुढे तारा लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर चार’. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, भारत, कॅनडा, अमेरिका आणि पुढे पाकिस्तान, इतक्या देशांत ती बनली. आपल्याकडे पोलीस तिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात. खेड्यापाड्यांत हे नाव ठाऊक नाही असा म्हातारा माणूस सापडायचा नाही.

या रायफलीची कुंडली बोल्टच्या मागे, लाकडी दस्ता जिथे लोखंडात शिरतो त्या पट्टीवर असते. उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि नमुना. ‘ई.आर.’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी.आर.’ म्हणजे जॉर्ज, पण पाचवा की सहावा हे अक्षरं सांगत नाहीत, सालच पाहावं लागतं. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सचं ‘बी.एस.ए.’, लंडन स्मॉल आर्म्सचं ‘एल.एस.ए.’, ऑस्ट्रेलियातलं लिथगो ही नावं उघड लिहिलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र शत्रूच्या विमानांना कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून नावांच्या जागी संकेत आले. बी.एस.ए.च्या रायफलींवर नाव न येता ‘एम ४७ सी’ आलं. त्यातला ‘एम’ इंग्लंडच्या मध्य भागाचा. फझाकर्लीच्या कारखान्यासाठी ‘एफ.वाय.’, मॉल्टबीच्या कारखान्यासाठी ‘एम’. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स इथे बनवलेल्या रायफलींच्या क्रमांकात ‘सी’ सापडतो आणि त्यावर अमेरिकी सरकारची मालमत्ता असल्याचा ठसाही असतो. बंदूक इंग्रजांसाठी, लढणार इंग्रज, पण १९४१ च्या उसनवारीच्या कायद्याप्रमाणे कागदोपत्री मालक अमेरिका. तो ठसा म्हणजे लोखंडावर लिहिलेलं कर्जखतच.

मालकीची दुसरी खूण म्हणजे रुंद बाण, ब्रिटिश सरकारी मालावरची शेकडो वर्षांची निशाणी. साम्राज्यातल्या देशांनी तो आपापल्या परीने घेतला. कॅनडाने ‘सी’च्या पोटात घातला, दक्षिण आफ्रिकेने ‘यू’च्या, ऑस्ट्रेलियाने दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये ठेवला, भारतात त्याच्यासोबत ‘आय’ आला. सरकारने बंदूक विकून टाकली की उलट्या दिशेने दुसरा बाण ठोकायचा, टोकाला टोक भिडवून. मग ती सरकारची उरत नाही. खाजगी विक्रीआधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी पारखली जाई आणि तिथला ठसा, काडतुसाच्या कोशाची लांबी आणि दाब नळीवर कोरले जात. परदेशी बंदूक असेल तर बर्मिंगहॅमवाले ‘इंग्रजी बनावटीची नाही’ असंही ठोकून द्यायचे, जरा नाक मुरडूनच.

लहानसहान खुणांमध्ये माणूस जास्त दिसतो. लाकडी दस्त्यावर ‘एल’ म्हणजे लांब हाताच्या शिपायासाठी, ‘एस’ म्हणजे आखूड, आणि ‘बी’ म्हणजे बँटम, अगदी बुटक्यांसाठी. दस्त्यात बसवलेल्या पितळी चकतीवर पलटणीचं नाव आणि शिपायाच्या रायफलीचा क्रमांक. १९१६ च्या सुमारास काटकसरीत ही चकती गेली, आणि ज्या बंदुकांवर ती होती त्यांच्याही चकत्या पुढे बदलल्या. त्यामुळे खरी, जागची चकती सापडली तर संग्राहक हरखतो. ‘डी.पी.’ म्हणजे फक्त कवायतीसाठी. ही खूण दिसली की ती बंदूक झाडायची नाही. तिच्यातला एखादा भाग इतका झिजलेला किंवा मुद्दाम निकामी केलेला असू शकतो की डोळा जायचा.

आता इशापूर. कोलकात्याजवळच्या या जागी आधी दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे रायफली बनू लागल्या. इंग्लंडच्या रायफलीवर ‘जी.आर.’ तर इशापूरच्या रायफलीवर ‘जी.आर.आय.’, शेवटचा ‘आय’ इंपेरातोर, म्हणजे सम्राट. जॉर्ज इंग्लंडचा राजा होता पण भारताचा सम्राट होता, आणि हा फरक लोखंडावरही पाळला गेला. स्वातंत्र्यानंतर मुकुट आणि सम्राट दोन्ही गेले, त्यांच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर.एफ.आय.’ आले. यंत्रं तीच, नमुना तोच. एका बाजूला १९४३ ची जी.आर.आय. रायफल आणि दुसऱ्या बाजूला पन्नाशीतली सिंहछाप रायफल ठेवली तर लाकडात आणि लोखंडात फारसा फरक दिसत नाही. राज्य बदललं ते फक्त त्या बोटभर पट्टीवर.

इशापूरच्या आणखी दोन-तीन गोष्टी संग्राहकांच्या डोळ्यांत भरतात. मॅगझिनच्या पुढे लाकडात आडवा ठोकलेला स्क्रू, लाकूड फुटू नये म्हणून. जगभर तो इशापूर स्क्रू म्हणूनच ओळखला जातो. नळीभोवती गुंडाळलेली तार, हातबॉम्ब फेकणाऱ्या रायफलींची. आणि पोलिसांसाठी केलेल्या .४१० बोअरच्या मस्केटी: .३०३ ची नळी मोठी करून, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून एका वेळी एकच काडतूस चालेल अशा. गर्दी पांगवणाऱ्या शिपायाच्या हाती फौजेचं हत्यार द्यायचं नाही, आणि ते हिसकावलं गेलं तरी फौजेची काडतुसं त्यात चालता कामा नयेत, असा हा दुहेरी संशय. वसाहतीचं पोलीस धोरण एका ठोकळ्यात.

१९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने ७.६२ मि.मी. नाटो काडतुसाची ‘२ए’ आणि लगेच ‘२ए१’ रायफल काढली. परदेशात हिला सर्रास ‘बदलून घेतलेली थ्री नॉट थ्री’ म्हणतात, ते चूक आहे. ती नव्याने, अधिक मजबूत पोलादाची बनवली होती. चौकोनी मॅगझिन पाहिलं तरी ओळख पटते. पट्टीवर ‘रायफल ७.६२ मि.मी. २ए१’ असं स्पष्ट कोरलेलं असूनही हा गैरसमज टिकून आहे.

रायफलीइतकीच काडतुसंही बोलतात, आणि इथे महाराष्ट्राचा धागा खरा आहे. काडतुसाच्या बुडावर बाणाच्या दोन बाजूंना ‘के’ आणि ‘एफ’ दिसले तर ते पुण्याजवळच्या खडकीचं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ‘ओ.एफ.व्ही.’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव, १९६० च्या दशकातलं. अमेरिकेतल्या कुणा संग्राहकाच्या फडताळात वरणगावची ७.६२ ची काडतुसं सापडणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

क्रमांकांकडे वळू, कारण बाजारातली निम्मी भांडणं तिथेच होतात. ली-एनफिल्डच्या जुन्या नमुन्यात मुख्य भाग, नळी, बोल्टची मूठ, पुढचं टोपण, मागची साइट आणि दस्त्याच्या पुढच्या लाकडाची खालची बाजू इतक्या ठिकाणी एकच क्रमांक असतो. सगळे जुळले तर भाव चढतो. बोल्टचा क्रमांक जुळणं केवळ हौसेचं नाही: बोल्ट आणि नळी यांतलं अंतर त्या एका जोडीसाठी मापून घेतलेलं असतं, परका बोल्ट घातला तर काडतुसाचा कोश फाटू शकतो. बाकीचे क्रमांक मात्र मला इतके पवित्र वाटत नाहीत. सैन्यातली बंदूक कपाटात ठेवण्यासाठी नसते. लाकूड फुटलं की बदललं जातं, साइट मोडली की दुसरीची लावली जाते. ‘एफ.टी.आर.’ या ठशाचा अर्थच कारखान्यातली संपूर्ण दुरुस्ती, आणि दुरुस्तीत जुने क्रमांक खोडून नवे टाकले जात. सगळे क्रमांक जुळलेली रायफल कदाचित कधी लढलीच नसेल.

सर्वांत विलक्षण ठसे शत्रूने मारलेले. पहिल्या महायुद्धात दार्दनेल्सच्या मोहिमेत तुर्कांनी एसेक्स रेजिमेंटची एक रायफल पकडली. एन्व्हर पाशाने तिच्यावर आपल्या लुटीचा मजकूर सोन्यात कोरून ती फैझलला भेट दिली. फैझलने ती लॉरेन्सला दिली. लॉरेन्सने लाकडावर आपली आद्याक्षरं आणि ४-१२-१६ ही तारीख कोरली, बाजूला काही खाचा पाडल्या आणि पुढे ती पाचव्या जॉर्जला नजर केली. आज ती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. इंग्लंडच्या राजाच्या नावाने बनलेली बंदूक तुर्क सेनापती, अरब राजपुत्र आणि इंग्रज हेर असं फिरून इंग्लंडच्या राजाकडेच परत गेली.

त्याच साली, २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात कुत इथे सहावी पूना डिव्हिजन शरण गेली. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. युद्धानंतर तुर्कस्तानात हाती आलेल्या इंग्रजी रायफली जर्मन माउझरच्या ७.९२ मि.मी. काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या. संग्राहक त्यांना गमतीने ‘एनफाउझर’ म्हणतात.

हा प्रकार सगळीकडचा आहे. फिनलंडने रशियन मोसिन रायफली मिळवल्या आणि त्यांच्यावर चौकटीत ‘एस.ए.’ ठोकलं, म्हणजे फिनलंडची सेना. १९४८ मध्ये नव्या इस्रायलने चेकोस्लोव्हाकियाकडून जर्मन माउझर घेतले. त्यातल्या काहींवर नाझी तपासनिसाचा गरुड तसाच राहिला आणि शेजारी इस्रायली ठसे आले. या एका वस्तूकडे पाहून पुस्तकभर विचार करता येतो, तरी बाजारात तिची किंमत बिनठशाच्या शुद्ध जर्मन माउझरपेक्षा कमी. नाझी गरुड शाबूत हवा आणि त्याच्यावर पुढच्या इतिहासाचा डाग नको, या आग्रहात मला थोडी कुरूपता दिसते.

जपानी अरिसाकाचं उलट. तिच्यावर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल कोरलेलं असे, ते सम्राटाच्या मालकीचं चिन्ह. १९४५ च्या शरणागतीनंतर सोपवलेल्या बहुतेक रायफलींवरचं फूल घासून काढलं गेलं. रणांगणावर हाती लागलेल्या रायफलींवर मात्र ते राहिलं. म्हणून फूल असलेली अरिसाका महाग, आणि म्हणूनच घासलेल्या जागी फूल पुन्हा कोरणारेही निघाले. धातू घासला की तिथे किंचित खड्डा पडतो. त्यात नवं फूल कोरलं तर ते आजूबाजूच्या पातळीपेक्षा खाली बसतं. बोटाने चाचपलं तरी कळतं.

नकलांमधली सगळ्यात पैशाची नक्कल नंबर चार रायफलीच्या नेमबाज नमुन्याची. साध्या पण चांगला नेम देणाऱ्या रायफली निवडून हॉलंड अँड हॉलंडकडे दुर्बीण बसवायला पाठवल्या जात. अशा रायफलीवर डावीकडे ‘टी’, पट्टीवर ‘टी.आर.’, दस्त्याखाली कंपनीचा ‘एस ५१’ हा संकेत आणि दस्त्याच्या लाकडावर दुर्बिणीचा क्रमांक असतो. हे सगळं ठाऊक असलेला माणूस साध्या नंबर चारवर हे सगळं ठोकू शकतो. तपासणारा म्हणून काय पाहतो? ठशाची धार. ऐंशी वर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालेल्या लोखंडावर एकच ठसा कोरा आणि तीक्ष्ण असेल, किंवा काळं पॉलिश फोडून खालचं चकचकीत लोखंड दाखवत असेल, तर तो नंतर आला. अक्षरांची घडण त्या कारखान्याच्या इतर नमुन्यांशी जुळत नसेल तर आणखी एक शंका. ऑस्ट्रेलियाचे इयन स्केनर्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे बारकावे वर्षानुवर्षं गोळा केले म्हणून आज असे निवाडे शक्य झाले. अर्थात तीच पुस्तकं लबाडांच्याही टेबलावर असतात.

संग्राहकांना सगळ्यात खुपतो तो आयातदाराचा ठसा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने फौजी बंदुकांची आयात अडली, ऐंशीच्या दशकात जुन्या शस्त्रांना वाट मिळाली, आणि आयात करणाऱ्याने आपलं नाव-गाव बंदुकीवर कोरणं बंधनकारक झालं. इशापूरच्या कित्येक २ए१ वर व्हर्माँटच्या सेंट ऑल्बन्स गावातल्या सेंच्युरी आर्म्सची अक्षरं आहेत. लोक ती घासून काढायला निघतात. मला तो ठसा मुकुटाइतकाच खरा वाटतो; भारताच्या फौजेने निरोप दिल्यावर ती बंदूक कुठे गेली याचा दुसरा लेखी पुरावा तिच्याजवळ नाही. घासणं, पॉलिश करणं, शिकारीसाठी पुढचं लाकूड कापून टाकणं, याने जितक्या रायफलींची ओळख गेली तितकी युद्धात गेली नसेल.

महाराष्ट्रात हा छंद घरात करता येत नाही. भारतात .३०३ आणि ७.६२ मि.मी. हे निषिद्ध बोअर आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात पुराणवस्तू ठरणाऱ्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच. दुसरीकडे, हीच संग्रहालयातली बंदूक आपल्या पोलिसांच्या खांद्यावर काल-परवापर्यंत होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर आमच्या शिपायांकडे थ्री नॉट थ्री होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांना २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. ज्या वस्तूचा शौकिनांनी संग्रह करायचा तीच शिपायाला लढायला द्यायची, हे कुणाच्या तरी फायलीत पन्नास वर्षं पडून राहिलं.

बंदूक घरात ठेवता येत नसली तरी वाचता येते, आणि एका बाबतीत मराठी वाचक जगातल्या बहुतेक संग्राहकांच्या पुढे आहे. २००३ मध्ये नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो मार्टिनी-हेन्री, स्नायडर आणि नेपाळातच घडलेल्या गहेंद्र रायफली अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेऊन नेल्या. गहेंद्र शमशेर राणांच्या नावाची ही रायफल हाताने बनवलेली, त्यामुळे एकीचे भाग दुसरीला बसत नाहीत. यातल्या कितीतरी रायफलींवर पलटणींची नावं, क्रमांक आणि सालं देवनागरीत आहेत, आणि टेक्ससमधला मालक त्या अक्षरांची छायाचित्रं काढून अर्थ विचारत फिरतो. आपल्याला ती वाचायला अडचण नाही, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. नेपाळी पद्धतीचे एक, पाच, आठ आणि नऊ आपल्या छापील अंकांपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. आणि साल विक्रम संवताचं असतं: १९५० दिसलं तर त्यातून छप्पन-सत्तावन वजा करायचे, म्हणजे १८९३ च्या आसपास.